कूलरची खिडकी

नागपूरच्या महाल भागातल्या ज्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले, तिथे भिंतीला खिळा ठोकायची मनाई होती. घरमालक आजोबा खाली ओसरीवर बसलेले असत आणि त्यांचे कान वाघासारखे. हातोडीचा पहिला ठोका पडला की खालून हाक यायची, "कोण ठोकून राहिलं रे?" त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असे. उन्हाळ्यात कूलर लागला की ते रात्रभर फडफडायचं. कूलर तरी कसला, पत्र्याचा, खिडकीतून अर्धा आत आलेला. त्यात किती पाणी टाकायचं यावरही आजोबांचा नियम होता: सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. मे महिन्यात नागपुरात दोन बादल्या म्हणजे थट्टाच. रात्री एकच्या सुमारास टाकी कोरडी व्हायची, पंप नुसता घुंघुं करायचा आणि गरम हवेचा झोत अंगावर यायचा. मग आई उठायची, प्यायच्या माठातलं पाणी तांब्याने कूलरच्या ताट्यांवर शिंपडायची आणि पुन्हा आडवी व्हायची.

हे सगळं मी विसरले होते. म्हणजे विसरले असं मला वाटत होतं.

२०२० च्या उन्हाळ्यात काटोलकडची सासऱ्यांची संत्र्याची बाग विकली गेली आणि आमच्या हिश्श्याचे सात लाख हातात आले. मी खाजगी तंत्रनिकेतनात शिकवते, नवऱ्याची नोकरी विम्याच्या क्षेत्रातली, दोघांचे पगार ठीकठाक. सात लाखांचं काय करायचं यावर घरात महिनाभर चर्चासत्र चाललं. नवऱ्याचा जीव एफडीवर. माझ्या डोक्यात मात्र घर भरलं होतं. एक फ्लॅट घ्यायचा, किरायाने द्यायचा, किरायातून हप्ता जाईल, पंधरा वर्षांनी घर आपलं. इतकं सोपं गणित मी वर्गात मुलांना घातलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

नागपूरच्या माणसाला जमिनीचा नाद जास्त, फ्लॅटचा त्यामानाने कमी. पगार सुरू झाला की तो शहराबाहेर पंधराशे फुटांचा प्लॉट घेतो, चारही कोपऱ्यांना सिमेंटचे खांब रोवतो आणि पुढची वीस वर्षं तिथे गाजरगवत वाढवतो. दर दिवाळीला मुलाबाळांना घेऊन जाऊन 'आपला प्लॉट' दाखवून आणतो. माझ्या दोन्ही दिरांनी हेच केलंय, म्हणून त्यांच्याशी या विषयावर बोलायची सोय नाही. प्लॉटवर दर महिन्याला काही येत नाही, एवढंच मला दिसत होतं.

शोध सुरू झाला तेव्हा दलालांनी आम्हाला आधी दक्षिणेला नेलं. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर. प्रत्येकाच्या तोंडी मिहान, म्हणजे विमानतळालगतचा मोठा औद्योगिक प्रकल्प. "मॅडम, मिहानमुळे इकडचे रेट कुठच्या कुठे जाणार." मिहान येतंय येतंय म्हणून मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. आता तिथे कंपन्या आल्या, एम्स आलं, २०१९ पासून मेट्रोही खापरीपर्यंत धावू लागली, पण दलालाच्या बोलण्यात अजूनही सगळं भविष्यकाळातच असतं. फ्लॅट नवे, चकाचक. फक्त किंमत तीस-बत्तीस लाख आणि आजूबाजूच्या फ्लॅटना किराया दहा-अकरा हजार. ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं.

मग हुडकेश्वरकडे एक स्वस्तातलं घर दिसलं. स्वस्त का, तर ले-आउटला आरएल नाही. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगते: नागपुरात कोणतीही जागा घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच, "आरएल आहे का?" शेतीचे तुकडे पाडून, बिगरशेतीची परवानगी न घेता टाकलेले ले-आउट इथे इतके आहेत की त्यांना आकड्यांनीच ओळखतात. एक '५७२'चा गट, दुसरा '१९००'चा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली पैसे भरून असे प्लॉट नियमित करून घेता येतात. ते झालं की नागपूर सुधार प्रन्यासकडून जे नियमितीकरणाचं पत्र मिळतं, ते हे आरएल, म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. विकणारा म्हणाला, "होऊन जाईल जी, डिमांड निघालीच आहे." डिमांड म्हणजे भरायच्या पैशांची नोटीस. आमच्या वकीलबाईंनी कागद दोन मिनिटं चाळले आणि परत केले. "डिमांड निघणं वेगळं, भरणं वेगळं आणि आरएल हातात येणं वेगळं. बँकेचं कर्ज यातल्या तिसऱ्यावर मिळतं." पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही.

एवढ्या पायपिटीत एक शहाणपण सुचलं आणि ते माझ्या आईचं. ती म्हणाली, "तू घर पाहून राहिलीस. त्यात राहाणारा कोण, तो सकाळी कुठे जाईल, हे कुठे पाहून राहिलीस?" बाबा महालात का राहिले, तर दुकान इतवारीत होतं आणि सायकलने दहा मिनिटं लागत. मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. जिथे वर्षभर बाहेरगावची माणसं येतात आणि त्यांना घर लागतंच, असं ठिकाण कोणतं? आमच्या डोळ्यांसमोर होतं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आणि त्याचा दवाखाना. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, सगळीकडचे पेशंट तिथे येतात आणि तिथे काम करणारी, शिकणारी पोरंपोरीही. मेडिकलपासून तुकडोजी पुतळ्यापर्यंत आणि पुढे मानेवाडा रोडने गल्ल्यागल्ल्यांत जुन्या फ्लॅट स्कीम आहेत, तीन माळ्यांच्या, लिफ्ट नसलेल्या. आम्ही तिथेच ठाण मांडलं.

तिसऱ्या माळ्यावरचा तो फ्लॅट १९९८ सालचा. मालक निवृत्त, मुलगा हैदराबादला. फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी राहत. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तशी ती पोरं गावी गेली ती गेलीच. नऊ महिने घराला कुलूप. वीस लाखांपासून बोलणं सुरू होऊन अठरावर आलं. त्यात सरकारने त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती. ३१ डिसेंबरच्या आत रजिस्ट्री व्हावी म्हणून अर्धं नागपूर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मास्क लावून उभं होतं. आम्हीही त्यात. रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावाने केली. बाईच्या नावाने घर घेतलं की एक टक्का सूट, हा नियम त्यानंतर तीन महिन्यांनी, १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. पण तोवर तीन टक्क्यांची सूट पदरात पडलेली, म्हणून तक्रार नाही. रजिस्ट्री, वकील, दलाली, सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत बसलं. कर्ज अकरा लाखांचं, हप्ता नऊ हजार नऊशे. आणि आईचं एकच वाक्य: "घरमालकीण झालीस बावा तू."

ते वाक्य मला थोडं टोचलं.

किल्ली मिळाल्यावर चौथ्या दिवशी बेल वाजली. खालच्या, दुसऱ्या माळ्यावरच्या काकू. हातात पेढ्याचा वगैरे डबा नाही. "तुम्हीच नं नवीन मालकीण? एकदा खाली या." खाली गेले. त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर ओलीचा एक डाग पसरला होता, कडेने पिवळा, मधे काळपट, थेट विदर्भाच्या नकाशासारखा, अगदी बुलढाण्याच्या टोकासकट. त्यातून थेंब पडून काकूंच्या बादलीत टपटप आवाज येत होता. "तीन वर्षं झाली. आधीच्यांना सांगून सांगून थकली. ते म्हणत, तुमचाच पाइप असेल." आमच्या न्हाणीघरात मात्र विकण्याआधी नवी पुट्टी, नवा रंग, सगळं झकास. आम्ही तो फ्लॅट तीनदा पाहिला होता. नळ सोडून पाहिले, बटणं दाबून पाहिली, वास्तुशास्त्रवाल्या मावसभावालाही आणलं. खालच्या घराची बेल मात्र एकदाही वाजवली नाही. फ्लॅटचं खरं प्रगतिपुस्तक खालच्याच्या छतावर लिहिलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगून ठेवते.

प्लंबर आला. साठीचा, कमी बोलणारा. त्याने न्हाणीघरातली जाळी उचलली, आउटलेटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपड्याचा बोळा कोंबला, उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध घातला आणि जमिनीवर चार बोटं पाणी भरलं. मग कानामागची पेन्सिल काढून पाण्याच्या पातळीला टाइलवर रेघ ओढली. "आता हात लावू नका. उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. उन्हाळा नव्हता, जानेवारी होता. एवढं पाणी वाफ होऊन जात नाही. टाइल्स फोडल्या तेव्हा नहाणी ट्रॅप (जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) आणि पाइप यांच्या सांध्यात चक्क अंगठा जाईल एवढी फट, आणि भिंतीतला लोखंडी पाइप आतून गंजून पेन्सिलीएवढ्या भोकाचा झालेला. वरून कितीही ग्राउट भरलं असतं तरी ते पाणी थांबलं नसतं. सगळं उकरून काढलं. पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे टाकले, खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर कोबा, मग पुन्हा पाणी भरून तीन दिवस ठेवलं. पुन्हा पेन्सिलीची रेघ. त्या तीन दिवसांत मी रोज कॉलेजातून परस्पर तिकडे जायची आणि त्या रेघेकडे उकिडवी बसून पाहायची. तिसऱ्या संध्याकाळी पाणी रेघेला चिकटून होतं. खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण चहा दिला.

या एका न्हाणीघराचे अठ्ठेचाळीस हजार. नव्या माणसाला वाटतं, घर सुधारायचं म्हणजे रंग, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग. मलाही वाटे. माझ्या यादीत ओट्याच्या निळ्या टाइल्स पहिल्या होत्या. त्या अजून लागलेल्या नाहीत. पैसे गेले ते न दिसणाऱ्या गोष्टींत: पाइप, वायरिंग, अर्थिंग, गच्चीचा कोबा. गच्ची सगळ्यांची सामाईक, त्यामुळे खर्चही सामाईक व्हायला हवा. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली प्रत्येक फ्लॅटवाल्याचा जमिनीत आणि सामाईक भागात अविभक्त हिस्सा असतो, तो रजिस्ट्रीत टक्क्यांत लिहिलेला असतो. हिस्सा सगळ्यांना तोंडपाठ. वर्गणी मागायला गेले तर सहापैकी चौघांनी दिली. तळमजल्यावरचे म्हणाले, "आमच्या डोक्यावर कुठे गच्ची आहे?"

आता कूलरच्या खिडकीकडे येते.

फ्लॅटला मागच्या बाजूला गॅलरी होती. म्हणजे मंजूर नकाशात होती. आधीच्या मालकाने तिला चार इंची भिंत घालून, वर काच लावून, तिची खोली केली होती आणि घर 'टूबीएचके' म्हणून विकलं होतं. त्या खोलीत एक पलंग बसायचा आणि पलंगावर एक माणूस, बस. पण त्या भिंतीमुळे मधल्या खोलीची बाहेरची खिडकीच बंद झाली होती. उरल्या त्या पश्चिमेच्या खिडक्या. तिसरा माळा, वर तापलेला स्लॅब, पश्चिमेचं ऊन. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी मी मिस्त्रीची वाट पाहत त्या मधल्या खोलीत बसले होते. फेब्रुवारीतच भिंतीला हात लावला तर कोमट लागत होती. आणि एकदम मला महालातली ती रात्र आठवली, कोरडा कूलर, तांब्याने शिंपडणारी आई.

कूलर कसा चालतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, तरी घर बांधणारे ते विसरतात. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढायची. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, हवा थंड होते. यासाठी दोन गोष्टी लागतात. कूलरचं तोंड सोडून बाकी अंग बाहेरच्या हवेत हवं. आणि आत आलेल्या हवेला निघून जायला समोर वाट हवी. वाट नसेल तर तीच ओली हवा खोलीत कोंडते, अंग चिकचिकतं, चादरी दमट होतात आणि माणूस म्हणतो की कूलर काही कामाचा नाही. या फ्लॅटमध्ये कूलर ठेवायला जागा नव्हती आणि हवेला वाटही नव्हती. चार पोरं इथे मे महिन्यात कशी राहिली असतील देव जाणे. बहुतेक राहिलीच नसतील, गावी जात असतील.

मिस्त्री आल्यावर मी म्हटलं, "ही भिंत पाडायची."

त्याने भिंतीला टकटक करून पाहिलं. नंतर भरलेली भिंत, बीम-कॉलमशी तिचा संबंध नाही, पाडायला धोका नाही. पण तो हसला. दलालभाऊ योगायोगाने तिथेच होते, पुढे किरायेदार तेच आणणार होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कुणाचा तरी खून करतेय असा भाव. "मॅडम, लोकं वनचं टू करतात. तुम्ही टूचं वन करून राहिल्या! महिन्याचे हजार-दीड हजार गेले ना तुमचे." नवऱ्यानेही त्यांचीच बाजू घेतली. रात्री घरी यावरून चांगलंच वाजलं. माझ्याकडे आकड्यांचं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ज्या खोलीत मी स्वतः मे महिन्यात एक रात्र काढू शकत नाही, तिचा किराया मागायला मला जमणार नाही. हे बोलताना मी फार थोर वगैरे असल्याचं मलाच वाटलं, ते कबूल करते.

भिंत दोन दिवसांत पडली. मधल्या खोलीची जुनी खिडकी मोकळी झाली. तिच्याबाहेर गॅलरीत लोखंडी अँगलचा स्टँड बसवला, टाकीवरून पाण्याची अर्धा इंची लाइन ओढली, तिला छोटा नळ. कूलरमध्ये फ्लोट बसवला की पाणी आपोआप भरणार, बादली उचलायची गरजच नाही. गॅलरीच्या फरशीला बाहेरच्या बाजूने उतार आणि पाणी जायला नाळ. समोरच्या पश्चिमेच्या खिडकीच्या वर झरोका काढला, हवेला वाट म्हणून. स्लॅबवर गच्चीत पांढऱ्या रंगाचा थर दिला, ऊन परतवायला. सगळं मिळून चाळीसएक हजार. आई पाहायला आली तेव्हा तीन माळे चढून दमली होती. गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, तो छोटा नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. "किरायाच्या घराले एवढं कायले केलं?" म्हणाली. मग पाण्याखाली हात धरून जरा वेळ तशीच बसली.

मार्च २०२१ मध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, एप्रिल तर कुणी आठवूच नये असा गेला. काम अर्ध्यावर. मिस्त्रीच्या घरी तिघं आजारी. मे, जून, जुलै, घर तयार व्हायला आलं तरी राहायला कुणी नाही, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला नऊ हजार नऊशे खात्यातून जात. नवरा काही बोलत नव्हता, हेच वाईट होतं. पुढे २०२२-२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. ते पत्र मी नवऱ्याला दोन दिवस दाखवलंच नाही.

ऑगस्टमध्ये दलालभाऊंचा फोन आला. मेडिकलमध्ये काम करणाऱ्या दोन सिस्टर, एक ब्रह्मपुरीची, एक आरमोरीची. "चालतील का? आडनाव काय आहे ते सांगू का?" मी म्हटलं, नका सांगू. महालात घर शोधताना बाबांना दहा ठिकाणी आधी आडनाव विचारलं होतं, मगच खोलीचं कुलूप उघडलं होतं. ही गोष्ट आई अजून कडू चेहऱ्याने सांगते. स्कीममधल्या दोघांनी "फॅमिलीलाच द्या, बॅचलर नको" असं सुचवून पाहिलं. रात्रपाळीहून सकाळी आठला परत येणाऱ्या, थकून झोपणाऱ्या दोन पोरींपासून कुणाला काय धोका, ते त्यांनी सांगितलं नाही.

करार करताना दलालभाऊ म्हणाले, "अकरा महिन्यांचा शंभराच्या स्टँपवर नोटरी करून देतो, बस झालं." हा गैरसमज आपल्याकडे इतका मुरलाय की वकीलही खांदे उडवतात. अकरा महिने असो की अकरा दिवस, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या (१९९९) कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणी केलेला करार लागतोच, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं काम आपलं. उलट 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरू देण्याचा करार, नोंदवला असेल आणि मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली ताबा मागता येतो आणि तोवर दुप्पट दराने भरपाई. हे सगळं आता घरबसल्या होतं. अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन एक मुलगा आला, ओट्यावर लॅपटॉप ठेवला, अर्ध्या तासात काम झालं. मुद्रांक शुल्क अडीचशे रुपयांच्या आत, नोंदणी फी हजार. पोलीस ठाण्यात माहिती दिली ती वेगळी. किराया साडेआठ हजार, दोन महिन्यांचा डिपॉझिट.

दुसऱ्या महिन्यात ब्रह्मपुरीच्या सिस्टरचा व्हॉट्सॲप आला. "ताई, बाबासाहेबांचा फोटो लावायचा आहे हॉलमध्ये. एक खिळा ठोकू का?"

मी फोन हातात धरून बसले. खरं सांगते, पहिली प्रतिक्रिया पोटातून आली आणि ती महालातल्या आजोबांची होती. नवी पुट्टी, दोन कोट रंग, बावीस हजार रुपये. ठोकला की पोपडा निघणार. बोटं 'चिकटवायचे हूक मिळतात ना' असं टाइप करूनही मोकळी झाली होती. ते पुसलं. "ड्रिल घेऊन माणूस पाठवते, नीट बसेल" असं लिहिलं. माणसाने शंभर रुपये घेतले आणि फोटोबरोबर आणखी चार ठिकाणी भोकं पाडून आला, कारण पोरींनी चहा पाजला.

आता हिशोब, कारण लोक तोच विचारतात आणि सांगणारे बहुतेक वेळा अर्धाच सांगतात. फ्लॅट अठरा लाख, वरखर्च सव्वा लाख धरा, दुरुस्ती दोन लाख चाळीस हजार. साडेएकवीस लाखांच्या वर. वर्षाला एक महिना घर रिकामं जातं असं समजा, म्हणजे अकरा महिन्यांचे त्र्याण्णव हजार पाचशे. त्यातून मेंटेनन्स, घरटॅक्स, किरकोळ दुरुस्ती काढली की सत्तर-बहात्तर हजार हातात. सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. नवऱ्याची एफडी याहून जास्त देते, आणि एफडीच्या न्हाणीघरातून खाली पाणी गळत नाही. प्राप्तिकरात किरायातून घरटॅक्स वजा जाता उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते. तुम्ही न्हाणीघरावर अठ्ठेचाळीस हजार घातले की अठ्ठेचाळीस रुपये, आयकरवाल्यांना त्याचं सोयरसुतक नाही. घराची किंमत वाढेल, वाढलीही आहे, पण विकल्याशिवाय तो आकडा म्हणजे दिवाळीला दाखवायचा प्लॉटच. तेव्हा कुणी 'किराया म्हणजे बसल्या जागी कमाई' म्हणालं की मी त्याला तीन माळे चढवते.

एक मात्र झालं. सिस्टर जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. दोन उन्हाळे गेल्यावर त्यांच्याच वॉर्डातल्या दोघी-तिघींनी मला फोन करून ठेवले, "ताई, त्या सोडणार असल्या तर आधी आम्हाला सांगा. कूलरच्या पाण्याची लाइन आहे ना तुमच्याकडे?" मे २०२४ च्या अखेरीस ब्रह्मपुरीच्या मुलीचं लग्न ठरलं, आरमोरीचीची बदली झाली. घर एक दिवसही रिकामं राहिलं नाही. मिस्त्रीला भोकं बुजवायलाच एक दुपार मिळाली. कूलर त्या तिथेच ठेवून गेल्या. "पुढच्यांना होईल," म्हणाल्या. टाकीत शेवाळं होतं, ते मी घासलं. दलालभाऊंनी दलाली मागितली, मी म्हटलं आणलं कुणाला तुम्ही? तेव्हापासून ते आपल्या इतर घरमालकांना 'मागची गॅलरी उघडी ठेवा' असं सांगतात म्हणे. श्रेय स्वतःकडेच ठेवतात.

गेल्या महिन्यात नंदनवनला एक फ्लॅट पाहायला गेलो. दुसरा घ्यायचाय की नाही ते अजून ठरलेलं नाही. नवरा यावेळी स्वतःहून आला एवढंच. पहिला माळा. तळमजले आम्ही पाहतच नाही, २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरलं, तेव्हापासून. विकणाऱ्याने नवी पुट्टी, नवा रंग, हॉलमध्ये निळे दिवे, सगळं झकास करून ठेवलं होतं. दलाल दुसरे. ते नवऱ्याला निळे दिवे लावून दाखवत होते, तेवढ्यात मी हळूच जिना उतरून खाली गेले आणि तळमजल्याची बेल वाजवली.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईने. हाताला कणीक लागलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग जिन्याकडे.

"वरचा फ्लॅट पाहाले आल्या नं?" ती म्हणाली. "या. चपला राहू द्या, आधी संडासाचं छत पाहा."